डाव्या डोळ्याचा निकाल

"उजव्याचाच फोटो काढ गं, डावा काचेचा आहे," हनुवटी टेकवतानाच मावशी म्हणाल्या. "एक डोळा साखरेनं खाल्ला. आता हा एवढाच उरलाय."

आमच्या दवाखान्यातलं नवं यंत्र डोळ्याच्या आतला फोटो काढतं आणि आजार आहे की नाही, ते स्वतःच बोलून सांगतं. फोटो काढताना कुणी डोळा मिचकावला, की लगेच कुरकुरतं, "पापणी लवली. पुन्हा प्रयत्न करा." दिवसभर ते ऐकून माझं डोकं उठतं.

"उजवा डोळा. तातडीने डॉक्टरांना दाखवा," यंत्र म्हणालं.

मावशींचा चेहरा पडला. त्यांना काय सांगावं या विचारात सवयीने माझा हात डावीकडे सरकला आणि बटण दाबलं गेलं.

"डावा डोळा. निरोगी."

मावशी खुदकन हसल्या. "हे बघ, तुझं यंत्रच खुळं आहे! म्हणजे उजव्याचंही खोटंच."

मलाही तसंच हवं होतं. पण स्क्रीनवर त्या काचेच्या डोळ्याच्या फोटोत लालसर नसांचं नाजूक जाळं स्पष्ट दिसत होतं.

"थांब, खात्रीच करू," म्हणत मावशींनी काचेचा डोळा काढून माझ्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवला आणि रिकामी खोबण रुमालाने झाकली. मी ट्रे यंत्रासमोर धरून बटण दाबलं.

यंत्र गप्प राहिलं. "बघ, बोलतीच बंद!" मावशींनी माझ्याकडे पाहून विजयाने मान हलवली. काच ती काचच, म्हणून माझाही जीव भांड्यात पडला.

"पापणी लवली," यंत्र म्हणालं. "पुन्हा प्रयत्न करा."