आयलर्टची शेवटची विद्यार्थिनी

विमान गवतावर आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं. तिसऱ्या उडीआधी आयलर्टनं ताबा आपल्या हातात घेतला आणि ते कसंबसं टेकवलं.

"चुकलं का?" अल्मुटनं विचारलं.

"चुकलं कसलं! एका फेरीत तीनदा उतरलीस की."

अल्मुट हसली. आयलर्टला मात्र हसू येईना. आज एकोणिसावा रविवार. बाकीचे शिकाऊ एवढ्यात एकटे उडायला लागतात. अल्मुट एकसष्टची होती हे खरं, पण हात स्थिर, नजर तेज. एकदा वर गेली की विमान इतकं सरळ चालवायची, की आयलर्टला निवांत खाली समुद्राचं ओसरणारं पाणी बघत बसता यायचं. जमीन जवळ आली की सगळा बट्ट्याबोळ. नशीब एवढंच, की तिच्या धडपडीत विमानाला कधी ओरखडासुद्धा उमटला नव्हता.

क्लबच्या खोलीत अध्यक्ष हायो चहा ओतत होता. मंडळी टपूनच बसली होती.

"अल्मुट, गवत कापायचं यंत्र विकून टाकू का? तू उतरलीस की गवत आपोआपच निघतंय," हायो म्हणाला.

"विका की. पण आधी माझ्या कपात साय घाला."

एप्रिलमध्ये ती आली, तेव्हा आयलर्टनं सगळ्यांना विचारतो तेच तिलाही विचारलं होतं, उडायला का शिकायचंय? कोणी सांगतं, लहानपणापासूनची हौस. कोणी सांगतं, बायकोच्या कटकटीपासून दोन तास सुटका. अल्मुट म्हणाली, "एका माणसासाठी." दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेल्याचं कळल्यावर पुढं कोणी खोदून विचारलं नाही. हायोनं तर तिची कागदपत्रं स्वतः बसून एका दिवसात भरली. एरवी त्याला एका सहीला पंधरवडा लागतो.

खरी गरज आयलर्टलाच होती. वर्षभर एकही विद्यार्थी नसेल, तर शिक्षकाचं नाव फळ्यावरून काढायचं, असा क्लबचा नियम. अलीकडे येणारा जो तो क्लबच्या दुसऱ्या, तरुण शिक्षकाकडे, त्यार्ककडेच जायचा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याशेजारी बसून आकाशात जायला कोण तयार होणार?

"बरंच झालं, बाबा," ईस्टरच्या जेवणाला त्याची मुलगी हिल्के म्हणाली होती. "आता जमिनीवर राहा."

बायको गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं. फक्त वर गेलं की त्याला बरं वाटायचं. तिथं शेजारच्या खुर्चीत कोणीतरी असायचं, आणि त्या कोणाला तरी त्याची गरज असायची. हे हिल्केला कसं सांगणार?

त्याच आठवड्यात अल्मुट येऊन उभी राहिली. नाव फळ्यावर राहिलं. हिल्केनं मात्र शब्द घेतला, की ही एकटी उडाली की बाबांनी थांबायचं. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन ठरलेला.

"उडाली का ती एकटी?"

"नाही गं अजून."

"काय हे, बाबा!" असं म्हणून ती फोन ठेवायची.

आज चहा पिताना आयलर्टला स्वतःचीच लाज वाटली. अल्मुटनं उतरताना विमान आपटलं की त्याला मनातून हायसं वाटायचं, हे त्यानं आज पहिल्यांदा कबूल केलं. ही बाई मन लावून शिकतेय, आणि आपण तिला अडवून धरलंय. त्यानं कप खाली ठेवला.

"अल्मुट, आता एक शेवटची फेरी मारू. पुढच्या रविवारपासून तुला त्यार्क शिकवेल. मला जमत नाहीये."

"मला त्यार्क नको."

"हट्ट करू नकोस. तू एकटी उडायलाच हवीस."

तिनं हायोकडे बघितलं. हायो खिडकीबाहेर बघू लागला.

शेवटच्या फेरीवरून परत फिरेपर्यंत समुद्राकडून आडवा वारा सुटला होता. अशा वाऱ्यात उतरवायचं काम आयलर्टचं. त्यानं पाय पुढं सरकवला आणि डाव्या पोटरीत असा पेटका आला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. विमानाची दिशा सांभाळणारी पायपट्टी दाबणं शक्यच नव्हतं.

"अल्मुट, पाय... मला दाबता येत नाही."

"हात बाजूला घ्या," ती म्हणाली. तिचा हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

तिनं टाचेनं टाच दाबून दोन्ही बूट काढले, मागे सरकवले आणि मोज्यांतले पाय पट्ट्यांवर ठेवले. विमान वाऱ्याकडे कलतं ठेवून तिनं ते तिरपं खाली आणलं, अगदी शेवटी सरळ केलं. चाकं गवताला कधी लागली ते कळलंसुद्धा नाही.

इंजिन बंद झालं. आयलर्ट तिच्या मोज्यांकडे बघत होता. विमान पायाला कळलं पाहिजे म्हणून बूट काढून उतरवायला शिकवणारा या किनाऱ्यावर एकच वेडा होता. एकदा कोणाचा तरी बूट पट्टीखाली अडकला आणि क्लबनं त्या वेड्याला लेखी तंबी दिली. त्याला चाळीस वर्षं झाली. त्यानंतर आयलर्टनं ते कोणालाही शिकवलं नव्हतं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. एक्याऐंशीच्या मे महिन्यात. तेव्हा मला दोन वेण्या होत्या, आणि आडनाव माहेरचं होतं."

तो तिच्या चेहऱ्यात ती अठरा वर्षांची पोर शोधत राहिला.

"मग एकोणीस रविवार हे सोंग कशाला?"

अल्मुटनं वाकून बूट चढवले.

"हायोकडून माझा नंबर घेऊन ईस्टरला रात्री हिल्केनं फोन केला होता. रडत होती. म्हणाली, बाबांकडे यंदा एकही विद्यार्थी नाही."