सांभाळून आण

"सुट्टीच्या शुक्रवारी शटर उघडायला लावलं, आणि वर चहात साखर नाही," कामगार खैरुद्दीन सोबतच्या जमालच्या कानाशी पुटपुटला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जुना कामगार महादू दिसला. खैरुद्दीननं चहा तसाच ओतून टाकला.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या त्या वर्कशॉपच्या दारात मालक शैलेंद्र गायकवाड खुर्ची टाकून बसला होता. बातमी महादूच्या आधीच गल्लीत पोचली होती. खुर्चीपाशी तेवढी यायची राहिली होती.

सकाळी चर्चमध्ये वाचन शैलेंद्रकडेच होतं. दावीद राजा वेशीत बसून बंडखोर मुलाच्या बातमीची वाट बघतो, तो भाग. मुलाच्या बंडापाशी शैलेंद्रचा आवाज चढला होता. राजाच्या स्वतःच्या पापाबद्दल दोन शब्द सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यानं घड्याळ बघितलं होतं.

त्याचा मुलगा सिद्धांत चार वेल्डर घेऊन पलीकडच्या वर्कशॉपवाल्या लियाकतकडे कामाला लागला, त्याला तीन महिने झाले होते. शैलेंद्रनं सरळ पोलिसांत तक्रार ठोकली: माझ्या व्हिसावरचा कामगार पळाला. पोटच्या पोरावर. "एक रात्र आत काढली की येईल पाया पडत," हेही सगळ्यांसमोर. पोरगा आला नाही. लियाकतच्या माळ्यावर लपून राहिला. आज ठिकाण कळलं तसं शैलेंद्रनं महादूला एकट्याला धाडलं, कारण महादूनंच त्या पोराला खांद्यावर बसवून खेळवलं होतं.

"सांभाळून आण," महादू निघताना शैलेंद्र म्हणाला होता. "हळू बोल त्याच्याशी."

"भेटला?" आता शैलेंद्र उठून उभा राहिला.

"साहेब, पाणी घ्या आधी."

"भेटला का, ते विचारतोय मी."

"गर्दी फार होती तिथं."

महादूनं हाताची घडी छातीशी आवळून धरली होती. सदऱ्यावरचा डाग तिच्यात पुरता मावत नव्हता. खैरुद्दीननं पाना उचलला, कुठं लावायचा ते न सुचून परत ठेवला.

"पोलिसांनी धरलं ना? मग तसं सांग की. तक्रार मी मागं घेतो. उद्याच घेतो. पाया-बिया पडायचं काही नाही. आईनं मटण शिजवलंय, जेवायला ये म्हणावं. एवढंच. दुसरं काही बोलणार नाही मी."

महादूनं हाताची घडी सोडली.

"साहेब, सिद्धांत गेला. छपरावरून पडला."

शैलेंद्र खाली बसला. मग त्यानं मान वर केली, आणि तो जुना, कडक आवाज परत आला.

"पोलीस बघून भ्यालं असणार पोरगं. त्या लियाकतनं लपवलं म्हणून झालं हे. सोडत नाही त्याला. देशोधडीला लावतो."

जमालनं चटकन होकाराची मान डोलावली. गल्लीत ठरलंच होतं तसं: पोलीस आले होते, एवढंच म्हणायचं. म्हाताऱ्याला जगायला तेवढं तरी हवं.

महादू शैलेंद्रसमोर उकिडवा बसला.

"पोलीस आलेच नव्हते, साहेब. मी खालनं हाक मारली, 'सिद्धू, पप्पांनी पाठवलंय.' तेवढं ऐकलं, आणि त्यानं छपरावर चढून मागल्या बाजूनं उडी टाकली."