कच्चा बटाटा

शर्मिला मुंबईहून आईसाठी, येसूबाईंसाठी, स्लो कुकर घेऊन शिवथरला आली, सोबत सॉसेजचं पाकीट. "बटाटा, गाजर, कांदा टाकायचा, वर सॉसेज ठेवायचे, झाकण लावून विसरून जायचं. मी सकाळी लावून ऑफिसला जाते, घरी आले की जेवण तयार!" एवढं सांगून ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. एरवी तो फक्त रविवारी यायचा.

"आये, झालं का गं?"

"नाय गो. गाजर नरम झालाय, बटाटा अजून कच्चा हाय."

"बरं. सारखं झाकण उघडू नको. थोड्या वेळाने परत करते मी."

थोड्या वेळाने खरंच फोन आला.

"आता?"

"सुरी आत जात नाय गो."

"असं कसं? लाल दिवा लागलाय ना?"

"लागलाय."

"थांब, मीटिंग संपली की करते."

"कर. मी हाय हितंच."

फोन कनवटीला खोचून येसूबाई अंगणात गेल्या. जेवून झाल्यावर घासून उन्हात पालथं घातलेलं कुकरचं भांडं केव्हाच सुकलं होतं.