एका दिवसाचा मजूर

"कागद कशाला हवाय म्हणालीस?" विश्वनाथरावांनी पुन्हा विचारलं.

"निराधार योजनेच्या पगारासाठी, साहेब," जयवंता म्हणाली. "नवरा कामाले कोठी होता, तहसीलवाले विचारून राहिले."

तिचा नवरा शालिकराम महिन्याभरापूर्वी सोसायटीची टाकी साफ करताना शिडीवरून पडून वारला. शिडीची पायरी गंजली होती. ती बदला म्हणून त्यानं सेक्रेटरी विश्वनाथरावांना चारदा सांगितलं होतं. पोलिसांसमोर मात्र विश्वनाथरावांनी तो दारू पिऊन चढल्याचं सांगून टाकलं. शालिकराम पीत नव्हता, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. बोललं कोणी नाही. जयवंताही नाही. तेरावं आटोपून ती गावाहून, कुहीहून परतली आणि पूर्वीसारखी जिने झाडू लागली.

गेल्या रविवारी धंतोलीत सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी नव्या कायद्यांवर व्याख्यान झालं. कायमच्या नोकराची नोंद नसेल तर सेक्रेटरीला जाब द्यावा लागेल, असं वकिलांनी बजावलं. विश्वनाथरावांनी घरी येताच सोसायटीचं रजिस्टर चाळलं. शालिकराम आठ वर्षं राबला होता आणि त्याच्या नावाचा एक चिटोरासुद्धा नव्हता.

अशात ही बाई स्वतःच कागद मागायला आली. त्यांनी लगेच लेटरहेड काढलं. शालिकराम सोसायटीचा नोकर नव्हता, असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"मग टाकीवर कोनाच्या सांगन्यावरून चढले, तेवढं लिहा न साहेब."

त्यांनी क्षणभर विचार केला. एका दिवसाच्या मजुराची कसली आलीय नोंद! 'माझ्या वैयक्तिक सांगण्यावरून, एका दिवसाच्या कामासाठी,' असं लिहून त्यांनी सही ठोकली. जयवंतानं हात जोडले. गरीब माणसं मनात ठेवत नाहीत, असं वाटून त्यांना जरा बरंही वाटलं.

दोन महिन्यांनी कामगार न्यायालयाची नोटीस आली. ती सोसायटीला नव्हती, एकट्या विश्वनाथरावांना होती. ते तसेच अध्यक्ष मनोहररावांकडे धावले.

मनोहररावांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. सोसायटीच्या नोकरांचा विमा आपण केव्हाच उतरवला होता, तुम्ही ती फाइल कधी उघडलीच नाही, असं ते म्हणाले. विमा कंपनी भरपाई द्यायला तयार होती. पण तुमच्या सहीचं ते पत्र पाहताच तिनं हात वर केले. माणूस तुमचा खासगी होता, सोसायटीचा संबंध नाही, असा ठराव कमिटीनंही केला होता.

विश्वनाथराव खाली उतरले. जयवंता दुसऱ्या मजल्यावर झाडत होती.

"जयवंताबाई," ते म्हणाले. आजवर तिला त्यांनी बाई म्हटलं नव्हतं. "तुम्हाला कोणीतरी फसवलंय. केस मागे घ्या. विम्याचे पैसे तुम्हाला सहज मिळत होते, घरबसल्या. माझ्या त्या कागदानं घोळ झाला. तुम्हाला माहीत नसेल."

जयवंतानं झाडू भिंतीला टेकवला.

"माहीत हाये न साहेब," ती म्हणाली. "विमा कंपनीची मॅडम घरी येऊन समजावून गेली. तुमच्याकडं कागद मागाले आली, त्याच्या आठ दिवस आधी."