उभी पाटी

ब्रुसेल्सच्या त्या बैठकीत बोलायचं असलं की समोरची आपल्या नावाची पाटी उभी करायची रीत होती. एकही पाटी उभी नसली की ठराव मंजूर. उल्काची बोटं पाटीवरच होती.

निनाद बोलत होता. तळघरातले गॅसमीटर आपला आकडा रेडिओवरून पाठवतात. जाड भिंतींतून तो पोचत नाही, मग पुन्हा पुन्हा पाठवण्यात बॅटरी संपते. भिंती सहज ओलांडणाऱ्या कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी मीटरांसाठी मोकळ्या केल्या, तर तीच बॅटरी कितीतरी वर्षं जास्त चालेल. उल्काने हेच पूर्वी मांडलं होतं, तेव्हा लोकांनी जांभया दिल्या होत्या. आज माना डोलत होत्या. तिच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा! तिचा नुसता जळफळाट होत होता.

रेल्वेच्या रेडिओला अडथळा येईल, एवढी शंका काढली असती तरी ठराव वर्षभर लोंबकळला असता. शंका पोकळ आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने पाटी उभी केली.

"त्यांना आधी बोलू द्या," निनाद अध्यक्षांना म्हणाला. "हे सगळं गणित उल्काताईंचंच आहे. मी फक्त वाचून दाखवतोय."

सगळे वळून तिच्याकडे कौतुकाने बघू लागले. टाळ्यासुद्धा पडल्या.

"माझा पाठिंबा आहे," ती कशीबशी म्हणाली आणि तिने पाटी आडवी केली.

आता त्याच्यावर रागवायचीही सोय उरली नव्हती. मेला चोर तरी निघायचा होता!