तळाचा बर्फ

पृथ्वी थंड करायला आकाशात ऊन अडवणारं सूर्यछत्र ताणल्यापासून कृष्णाकाठचा हा तिसरा हिवाळा. पंपघर सांभाळणाऱ्या कोळेकरबाई म्हणाल्या, "साहेब, पाणी शून्याच्याही खाली गेलंय. अशा वाहत्या पाण्यात बर्फ आत धरतो, तळाच्या दगडांवर, पंपाच्या तोंडावरच्या आपल्या जाळीवर. जाळी तापवू द्या, नाहीतर उद्या गावाला पाणी नाही."

मुख्य अभियंता बिडवे यांनी खळाळत्या नदीकडे बोट दाखवलं. "कुठाय बर्फ? बर्फ तरंगतो, बाई! चौथीतलं पोरही सांगेल. छत्राच्या समितीवर मी होतो, तुम्ही नव्हता." बाईंच्या हातातला लोखंडी तापमापक हिसकावून त्यांनी तो जाळीच्या वरच्या बाजूला धारेत भिरकावला; तो थेट तळाशी गेला. "आता मोजत बसा!"

सकाळी जाळी गच्च बुजली होती, पंप बंद होते. घाटावर उभे राहून बिडवे फोनवर कोळेकरबाईंच्या निलंबनाचा मजकूर सांगत होते. ऊन चढलं तसा तळाचा बर्फ सुटला आणि दगडगोटे पोटाशी धरून वर येऊ लागला. त्यातला एक मोठा तुकडा थेट साहेबांच्या बुटांपाशी येऊन टेकला. त्यात तापमापक घट्ट रुतला होता.

बाईंनी तो उपटून साहेबांच्या हातात दिला.

"तुमचंच खरं, साहेब. बर्फ तरंगतो."