फाटकाचा खांब

बाबा गेल्यावर मोटरहोम चालवणार कोण, म्हणून मुलाने ती विकायला काढली. दर हिवाळ्यातली भटकंती आता संपली, असं आईला सांगूनही टाकलं.

गिऱ्हाईक घेऊन तो आला, तर बर्फाने भरलेल्या अंगणात गाडीएवढाच चौकोन कोरडा, आणि चाकांच्या ताज्या खुणा फाटकाबाहेर गेलेल्या.

“चोरी झाली,” म्हणत तो मटकन पायरीवर बसला.

गिऱ्हाईक फाटकाचा खांब निरखत होतं. “चोराचा हात चांगला बसलेला दिसतो. इतक्या अरुंद फाटकातून नेली, पण नवा ओरखडा नाही.”

जुने सगळे ओरखडे बाबांचे होते.

घराला कुलूप होतं. मुलाने आईला फोन लावला. “आई, आपली गाडी...”

“ठेव फोन. घाट लागलाय, आणि एका हाताने चालवायची खोड तुझ्या बाबांना होती, मला नाही.”